सीमाभागातून पक्षी-संशोधनात यायचं असेल तर (बेळगाव, खानापूर, गोकाक, अथणीकडच्या मुलांसाठी)

शीळकरी

नमस्कार मंडळी. बेळगाव, निपाणी, खानापूरकडची बीएस्सी करणारी मुलं-मुली अधूनमधून विचारतात, "ताई, पक्ष्यांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहिते. मी खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत मराठी शाळा, बेळगावात प्राणिशास्त्रात बीएस्सी, बाहेर जाऊन एमएस्सी, आणि आता पुन्हा इकडेच. उन्हाळ्यात धनेशांच्या घरट्यांवर काम असतं, हिवाळ्यात पूर्वेकडच्या माळावर.

आधी आपल्या जिल्ह्याकडे बघा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस कोकणाच्या तोडीचा. तिथून पूर्वेला अथणीकडे जाईपर्यंत पावसाळा आटत आटत जातो आणि शेवटी बाभळी आणि खुरटं गवत उरतं. एका जिल्ह्यात इतका फरक फार थोड्या ठिकाणी मिळतो. पश्चिमेला भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, म्हादईचं उगमाचं रान. तिथे कर्णा, बेडूकतोंड्या, शीळकरी कस्तूर असे पक्षी भेटतात. महाधनेश, कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश, असे चारही धनेश खानापूर-दांडेलीच्या पट्ट्यात आहेत. त्यातले महाधनेश आणि मलबारी राखी धनेश धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात आहेत. मधल्या पट्ट्यात हिडकल, धुपदाळ, नविलुतीर्थ अशी धरणं आणि बंधारे. घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ पासून आहे, जवळजवळ ३० चौरस किलोमीटरचं, आणि बेळगावातल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नाही. कांड्या करकोचे मध्य आशियातून हिमालय ओलांडून तिथे येतात. त्याच्याही पूर्वेला माळ: धाविक, पखुर्डी, चंडोल, हिवाळ्यात भोवत्या (शिकारी पक्षी), ज्वारीवर भोरड्यांचे थवे.

हे सगळं सांगायचं कारण असं की इथे काम करायला मुबलक जागा आहे आणि काम करणारे मोजकेच. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल आला. ९४२ जातींचा आढावा, सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला. त्यात १७८ जाती तातडीने लक्ष देण्याच्या ठरल्या. माळरानावरचे, पाणथळीवरचे आणि शिकारी पक्षी घटताहेत हे त्यातून दिसलं. पण या नोंदी आल्या कुठून? बंगळूर, म्हैसूर, पुणे, केरळ इथून भरघोस. रायबाग किंवा रामदुर्गच्या माळावरून किती येतात ते ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर स्वतःच बघा. ज्या गावाच्या नोंदी नाहीत, तिथला पक्षी कमी झाला तरी कुणाला कळत नाही.

आता रोजचं काम कसं असतं ते, कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. महाधनेशाचं सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते, बहुधा बेहड्यासारख्या जुन्या, जाड बुंध्याच्या झाडात. आत बसून विष्ठा, फळांचा गर असल्या ऐवजाने ती ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी उभी फट बाहेर उरते. पुढचे तीन-चार महिने नरच घर चालवतो. माझं काम म्हणजे लांब आडोशाला बसून लिहायचं: नर कधी आला, काय आणलं, किती दिलं, किती वेळ थांबला. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, लोहाराचा भाता ओढावा तसा पंखांचा आवाज. बुंध्याला धरून बसतो, मान झटकतो आणि गळ्यात साठवलेलं एकेक उंबर चोचीच्या टोकावर आणून फटीतून आत सरकवतो. मोजताना नजर हलवायची नाही. मध्येच एखादा सरडा येतो, पाखराचं पिल्लू येतं, तेही लिहायचं. झाडाखाली पडलेल्या बिया वेचून, वाळवून, कुठल्या झाडाच्या ते ओळखायचं. पावसाळ्यानंतर त्याच जागी रोपं उगवलेली सापडतात. धनेश बिया किती लांब नेतो आणि त्याच्यावाचून कुठली झाडं मागे पडतील हा त्यातला खरा प्रश्न.

तर दिवसभर बसणं, लिहिणं, आणि संध्याकाळी लिहिलेलं तक्त्यात भरणं. थरार कमी, चिकाटी जास्त. ज्यांना हे आवडेल त्यांनी जरूर यावं.

शिक्षणाचं थोडक्यात. बारावी विज्ञानानंतर सिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयात बीएस्सी फॉरेस्ट्री करता येते, ते धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं आहे. साधी बीएस्सी झाली असेल तर पुण्यात गरवारे कॉलेजला जैवविविधतेत एमएस्सी आहे, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेतही वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था इथे प्रवेश परीक्षा असतात, जागा मोजक्या. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून तयारी ठेवा.

विचारा काय विचारायचं ते.

---

अनगोळचा_पिंगळा

ताई, खूप दिवसांनी आपल्या भागाबद्दल असं कुणी लिहिलं. मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. दुर्बीण नाही, कॅमेरा नाही. वडिलांची पिठाची गिरणी आहे, एवढ्यात घेणं शक्य नाही. तोवर काय करू?

---

शीळकरी

कॅमेऱ्याची गरजच नाही. दुर्बीण लागेल, ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) घे, पण पुढच्या वर्षी घेतलीस तरी चालेल. तोवर कान तयार कर. अनगोळपासून येळ्ळूरच्या वाटेवर शेतं आहेत ना अजून? एकच ठरलेली वाट घे. आठवड्यातून एकदा, उजाडल्यावर लगेच, निदान पंधरा मिनिटं. दिसलेला-ऐकलेला प्रत्येक पक्षी लिही, कावळा-चिमणीसकट. मुलं दुर्मीळ तेवढंच टिपतात आणि सातभाई, कोतवाल गाळतात. मग ती यादी पुढे कुणाच्या उपयोगाची राहत नाही. पूर्ण यादी असेल तरच दहा वर्षांनी कुणीतरी म्हणू शकेल की इथला नीलकंठ कमी झाला.

ईबर्ड फोनवर फुकट आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, तिच्यात कॉलेजच्या आवारातली गणनाही होते. तुझ्या कॉलेजात कुणी करत नसेल तर तू सुरू कर. प्राध्यापक परवानगी देतात, फक्त पुढाकार घेणारा लागतो.

---

उगारकर_काका

मुली, तुझं लिखाण वाचून मुलाला दाखवलं. तो याच नादात आहे, शिकतो सांगलीला. आमचा ऊस, पाच एकर. मी विरोध करत नाही, पण बाप म्हणून सरळ विचारतो: पगार किती? नोकरी कायमची असते काय? कारखान्यात केमिस्ट लागला तर निदान घराजवळ राहील.

---

शीळकरी

काका, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. हे कुणी स्पष्ट बोलत नाही.

एमएस्सीनंतर सरकारी निधीच्या प्रकल्पात प्रोजेक्ट असोसिएट म्हणून लागलं तर २०२० च्या सरकारी दरांप्रमाणे महिना २५,०००, नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षा पास असेल तर ३१,०००, वर घरभाडं असायचं. नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळवून पीएचडीला लागलं तर २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,०००. हे आकडे ऐकायला बरे वाटतात, पण प्रकल्प वर्षा-दोन वर्षांचे असतात आणि दोन प्रकल्पांच्या मधले महिने रिकामे जातात. संस्थांमध्ये सुरुवातीला याहून कमी मिळतं, आणि काही ठिकाणी 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट राबवून घेतात. मला एका प्रकल्पात मानधन पाच महिने उशिरा मिळालं होतं. त्या काळात भावाने खोलीचं भाडं भरलं.

कायमच्या नोकऱ्या आहेत: वनखात्यात, कॉलेजात, मोठ्या संशोधन संस्थांत. थोड्या आहेत. वनखात्यात आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपालांच्या भरतीत फॉरेस्ट्री पदवीधरांना राखीव हिस्सा असतो, कन्नडची परीक्षा मात्र पास व्हावी लागते.

माझा सल्ला एवढाच की मुलाला दोन गोष्टी शिकू द्या, म्हणजे पाय जमिनीवर राहतील: एक, संख्याशास्त्र आणि 'आर' नावाची प्रणाली, दोन, नकाशे करायचं 'क्यूजीआयएस'. दोन्ही फुकट आहेत. पक्ष्यांचं काम मिळालं नाही तरी या दोन गोष्टींवर दुसरीकडे पोट भरतं. आणि उसाच्या पाच एकरातल्या बांधावरची झाडं तोडू नका, त्याच्या अभ्यासाला घरचीच जागा होईल.

---

उगारकर_काका

बांधावर दोन आंबे आणि एक कडुलिंब आहे. राहतील. धन्यवाद.

---

रानवाट

ताई, सगळं पटलं, पण एक बोलू काय? मी जांबोटीकडला. बारावी झाल्यावर शिक्षण सुटलं. गेली काही वर्षं बाहेरनं येणाऱ्या संशोधकांबरोबर फिरतोय. बंगळूरचे येतात, पुण्याचे येतात, एकदा परदेशातले आलते. वाट मी दाखवणार, ढोली मी हुडकून देणार, जळवा मला बी लागणार. गावात कुणाशी बोलायचं झालं तर मीच बोलणार, कारण त्यांना मराठी येत नाही आणि गावच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नाही. ते दोन हंगाम राहून जातात. पुढे पेपर छापून येतो, डॉक्टर होतात. त्या पेपरात माझं नाव शेवटी आभारात, ते पण एकदा चुकीचं छापलेलं. राग नाही, त्यांनी पैसे दिले, माणसं चांगली होती. पण तुम्ही पोरांना सांगताय 'या क्षेत्रात या', तर आमच्यासारख्यांनी यायचं कुठून? आम्ही तर आतच आहोत की.

---

शीळकरी

तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. या धाग्यावर सगळ्यात महत्त्वाचं तूच लिहिलंयस, त्यामुळे थोडं लांबण लावते.

तू म्हणतोस ते खरं आहे आणि ते फक्त जांबोटीचं नाही. देशभर हेच चालतं. ढोली कुठे आहे हे माहीत असणं म्हणजे काय, तर गेल्या वीस वर्षांत कुठलं झाड पडलं, कुठल्या झाडाला कधी फळं येतात, कुठल्या वाडीने देवराई राखली, हे सगळं डोक्यात असणं. बाहेरून आलेल्या माणसाला ते मिळवायला पाच-सहा हंगाम लागतील. ते ज्ञान तुझं आणि पेपरवर नाव त्यांचं, हे अन्यायाचंच आहे.

काही जागी वेगळं झालंय. अरुणाचलात पक्केच्या जंगलाजवळ २०११-१२ पासून धनेशांची घरटी 'दत्तक' द्यायची योजना चालते. शहरातली माणसं पैसे देतात आणि त्यातून निशी समाजातले गावकरी घरट्यांची राखण करतात. त्यांतले कित्येक आधी शिकार करायचे. राखणदारांना महिन्याचा पगार मिळतो आणि घरटं फळलं की नाही याची नोंद तेच ठेवतात. म्हणजे गावच्या माणसाची नोंद शास्त्रात चालते, हे तिथे सिद्ध झालंय.

पण तुला नुसती दाद देऊन मी थांबणार नाही. पुढच्या वेळी कुणी काम घेऊन आलं की सुरुवातीलाच तीन गोष्टी बोलून घे. रोजाचे पैसे किती आणि कधी. नोंदींची प्रत तुझ्याकडे राहणार का. आणि तू घरटी शोधणं, नोंद ठेवणं, वाचून दुरुस्त करणं यात भाग घेतलास तर लेखकांत नाव येणार का. लेखक म्हणून नाव यायला पदवी लागत नाही, कामातला खरा वाटा लागतो. चांगले संशोधक हे मान्य करतात. जे टाळाटाळ करतील त्यांच्याबरोबर रोजगारापुरतं जा आणि ढोल्या मात्र स्वतःच्या वहीत ठेव.

आणि बारावीनंतर थांबलास तर थांबून राहू नको. मुक्त विद्यापीठातून बीए किंवा बीएस्सी करता येते. रफर्ड फाउंडेशनसारख्या संस्था छोट्या संवर्धन प्रकल्पांना थेट निधी देतात. अर्ज इंग्रजीत लागतो, तो लिहायला मी बसेन तुझ्याबरोबर. विषय तुझा, प्रश्न तुझा, नाव तुझं.

माझं मत आहे की चार भाषा येणं हाच सीमाभागातल्या पोरांना एक मोठा आधार आहे. घरी मराठी, रेंज ऑफिसात कन्नड, लोंढ्याच्या बाजाराला कोकणी, कागदावर इंग्रजी, असं आपण लहानपणापासून करत आलोय. आमगावच्या म्हातारीशी बोलून लगेच वनरक्षकाशी बोलता येणारा संशोधक बाहेरून आणता येत नाही. ज्यांनी इथेच मोजणी केली, त्यांनीच ती मांडावी, एवढीच माझी इच्छा आहे.

---

रानवाट

बरं वाटलं ताई. वह्या आहेत माझ्याकडं. तारीख, झाड, मादी आत गेली कधी, पिल्लू बाहेर आलं कधी, असं लिहिलंय. कुणी मागितल्या नव्हत्या म्हणून पडून आहेत.

---

शीळकरी

टाकू नको. एक पानसुद्धा. यावर खाली परत येते.

---

हिंडलग्याची_मनू

ताई, मुलगी म्हणून विचारते. घरचे जंगलात एकटीला पाठवणार नाहीत, आणि तेही बरोबरच असेल. तुम्ही कसं केलंत?

---

शीळकरी

एकटी जातच नाही, कुणीच जाऊ नये, मुलगा असला तरी. जंगलात जोडीनेच काम करायचं असतं: अस्वल आहे, गवा आहे, फोनला रेंज नाही. गावात राहते तेव्हा कुणाच्या तरी घरी, बायकांमध्ये. आई एकदा माझ्याबरोबर येऊन राहून गेली, त्या घरच्या काकूंशी तिचं जुळलं, त्यानंतर घरची काळजी बरीच कमी झाली. सुरुवात जंगलातूनच करायला हवी असंही नाही. हिडकलच्या काठावर, शेतात, माळावर केलेलं कामही तेवढंच मोलाचं आहे.

एक मात्र सगळ्यांना सांगते. भीमगडच्या आतल्या गावांमध्ये पुनर्वसनाचा विषय सध्या नाजूक आहे. कुणी वही-दुर्बीण घेऊन आलं की लोक विचारतात, "सर्वेवाले काय? गाव उठवायला आलाय काय?" त्यांची भीती खरी आहे. पहिल्या दिवशी पक्षी बघू नका. घरोघर जा, कोण, कुठली, कुणाकडून, काय लिहिणार आणि ते कुणाला देणार, हे सांगा. अभयारण्यात काम करायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, तिची प्रत सतत जवळ ठेवा आणि मागितली की गावातही दाखवा.

---

निपाणीचा_गुरांचा_डॉक्टर

चांगला धागा. मी पशुवैद्य आहे, एक बाजू माझ्याकडून. पक्षी वाचवायला प्रत्येकाने रानात जायला हवं असं नाही. गिधाडं कशाने गेली ते आठवा. गुरांना डायक्लोफिनॅक टोचायचं, जनावर मेलं की माळावर टाकायचं, गिधाड ते खायचं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायचं. पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्याण्णव टक्क्यांहून जास्त कमी झाली. कारण कळलं २००४ च्या सुमारास, जनावरांसाठी बंदी आली २००६ मध्ये. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या वापरू लागले म्हणून २०१५ मध्ये त्या तीन मिलिलीटरवर आणल्या. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलोक्झिकॅम गिधाडांना चालतं, आणि गुरांनाही चांगलं लागू पडतं.

आजही खेडोपाडी कोण काय टोचतं याची पाहणी करायला माणसं हवीत. औषधांच्या दुकानात जाऊन नुसतं विचारायचं की 'म्हशीच्या तापाला काय द्याल' आणि लिहून घ्यायचं. एखाद्या एमएस्सीच्या मुलाला प्रकल्प म्हणून हे करता येईल. चिकोडी-निपाणीत कुणी केलं तर मी मदत करीन.

---

शीळकरी

डॉक्टर, मनापासून आभार. संवर्धनात सगळ्यात मोठा फरक पडलेल्या कामांपैकी हे एक, आणि ते घडलं शवविच्छेदनाच्या टेबलावर. अनगोळच्या पिंगळ्या, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शोधत असशील तर हा विषय बाजूला काढून ठेव.

---

गोकाक_रोड

माळाबद्दल थोडं अजून लिहाल का? आमच्याकडे माळ म्हणजे पडीक. दरवर्षी झाडं लावायला ट्रस्टवाले येतात, आम्हीपण खड्डे काढायला जातो. चांगलंच काम ना ते?

---

शीळकरी

तुम्ही चांगल्या मनानेच जाता. पण जागा बघून लावायला हवीत, आणि माळ ही त्याची जागा नाही.

धाविक नावाचा पक्षी आहे, टिटवीपेक्षा लहान, तांबूस, डोळ्यावरून पांढरी पट्टी गेलेली. उघड्या जमिनीवरच दोन-तीन अंडी घालतो, गवताची काडीसुद्धा अंथरत नाही. मेंढरं वरून गेली तरी अंडी दिसत नाहीत, कारण रंग मातीचाच. त्याला लांबवर दिसायला हवं, म्हणजे कोल्हा येताना कळतो. त्या माळावर गिरीपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की तो निघून जातो. पखुर्डीचं तेच, चंडोलाचं तेच. हिवाळ्यात भोवत्या रात्री उंच गवतात जमिनीवर झोपतात, ते गवत नांगरलं की त्यांची रात्रीची जागा गेली.

कागदोपत्री माळाला 'पडीक जमीन' म्हणतात, त्यामुळे ती कशालाही देता येते: ऊस, पवनचक्क्या, सौर प्रकल्प, वृक्षारोपण. माळढोकाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे, कर्नाटकात बल्लारीकडे शिरगुप्प्याला उरलेसुरले दिसतात, आणि देशात रानातले सगळे मिळून दीडशेच्या आसपास.

झाडं लावायचीच असतील तर गावात, रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठी लावा, आणि देशी लावा. माळाला धनगरांची चराई लागते, ती थांबवू नका.

---

गोकाक_रोड

हे कुणी सांगितलं नव्हतं. ट्रस्टच्या लोकांना तुमचा प्रतिसाद दाखवतो. यंदा ओढ्याच्या बाजूला सुचवून बघतो.

---

क्लिकर_बेळगाव

मी फोटोग्राफर आहे. धनेशाच्या घरट्याचं लोकेशन मिळेल का? लांबूनच काढतो, नियम पाळतो.

---

शीळकरी

नाही, आणि कृपया वाईट वाटून घेऊ नका. घरट्याखाली माणसं जमली की नर जवळ येत नाही. बराच वेळ आला नाही तर मादी आणि पिल्लू उपाशी राहतात. तुम्ही एकटे नियम पाळाल, पण लोकेशन एकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि रविवारी दहा गाड्या उभ्या राहतात. ईबर्डसुद्धा काही नाजूक जातींच्या जागा लपवतं, ते याचसाठी. महाधनेश उडताना किंवा फळांच्या झाडावर हवा असेल तर दांडेलीला जा, तिथे सहज दिसतो. पक्ष्याचा आवाज फोनवर वाजवून त्याला बोलवू नका, घरट्याच्या दिवसांत तर मुळीच नको.

---

क्लिकर_बेळगाव

ठीक आहे ताई, पटलं.

---

अनगोळचा_पिंगळा

ताई, सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेशाला सवलत असते असं ऐकलंय.

---

शीळकरी

हो, महाराष्ट्राने दाव्यात धरलेल्या ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी असते. नियम विद्यापीठागणिक बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी प्रवेश विभागात लेखी विचार. आणि रहिवासी दाखला कर्नाटकचा काढशील तर पुढे केपीएससीला (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना) तोच उपयोगी पडेल, हरवू नको. कन्नड वाचायला-लिहायला शीक. वनखात्यातल्या लोकांशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोललास की निम्मं काम तिथेच होतं, हा माझा रोजचा अनुभव आहे.

---

रानवाट

ताई, वह्यांचं सांगणार होतात. पेन्सिलीनं लिहिलंय, काही पानं भिजून चिकटलीत. मोबाइल आहे, कॉम्प्युटर नाही.

---

शीळकरी

पेन्सिलच चांगली, शाई असती तर पुसून गेली असती.

आधी प्रत्येक पानाचा उजेडात फोटो काढ, चिकटलेली पानं ओढू नको, तशीच ठेव. मग मोबाइलवरच स्प्रेडशीट उघड. एका ओळीत एका झाडाची एक फेरी. रकाने असे: तारीख, वेळ, झाडाचा नंबर, झाडाची जात, कुठला धनेश, ढोली लिंपलेली होती का, नर आला का, काय आणलं, शेरा. झाडाला नाव देऊ नको, नंबर दे, म्हणजे तक्ता कुणाच्या हाती लागला तरी जागा कळणार नाही. जागेची यादी वेगळ्या कागदावर, घरात.

एक गोष्ट फार जपून कर. गेलास आणि नर दिसला नाही तर तिथे ० लिही. गेलाच नाहीस तर रकाना रिकामा सोड. या दोन्हींत घोळ झाला तर सगळ्या वर्षांचा हिशेब चुकेल. ज्या झाडावर मादी एखाद्या वर्षी बसलीच नाही, तीही नोंद ठेव, आणि झाड पडलं असेल तर कधी आणि कशाने ते लिही. मला विचारशील तर तुझ्या वह्यांतला सगळ्यात मोलाचा भाग तोच असणार: एकाच ढोलीचा इतक्या वर्षांचा इतिहास आपल्या भागात फारसा कुणाकडे नाही.

पहिली वीस पानं भरून झाली की सांग. मी लॅपटॉप घेऊन खानापूरला येते, बसस्टँडजवळ बसू. मनू, तुलाही यायचं असेल तर ये, आईला घेऊन ये. पिंगळ्या, तू क्यूजीआयएस फोनवर शोधू नको, ते कॉम्प्युटरवरच चालतं, कॉलेजच्या लॅबमध्ये टाकून घे.

---

रानवाट

वीस पानं आठवड्यात होतील. नर कुठला ते काही ठिकाणी नुसतं 'मोठा' असं लिहिलंय, त्याचं काय करू?

---

शीळकरी

'मोठा' असंच भर, अंदाजाने महाधनेश लिहू नको. शेऱ्यात ढोलीची उंची आठवत असेल तर लिही. भेटल्यावर त्या झाडांची यादी वेगळी काढू आणि या फेब्रुवारीत त्यांच्यापासूनच सुरुवात करू.